बघू का?

उमरग्यात हायवेला लागून मी हॉस्पिटल काढलं तेव्हा अण्णा म्हणाले होते, "सरू, जागा चुकली गं. दिवसभर ट्रकचे भोंगे." अण्णा म्हणजे माझे वडील, तुळजापूरच्या शाळेत सगळा जन्म घालवलेले. त्यांना शाळेच्या घंटेपलीकडचा आवाज सोसत नसे. मी म्हटलं, "भोंगे वाजतायत तोवर बरंच आहे, अण्णा. भोंग्यामागून ब्रेक करकचला की माझं काम सुरू." ते काम आजतागायत कमी पडलेलं नाही. सोलापूर आणि हैदराबादच्या मधल्या रस्त्यावर जे फुटतं, तुटतं, फाटतं, त्यातलं बरंचसं डॉक्टर सरोजिनीबाईंच्या टेबलावर येतं. मी तोंडानं फटकळ आहे हे तालुक्याला ठाऊक आहे. हात हलका आहे हेही ठाऊक आहे, आणि या दुसऱ्या गोष्टीसाठी लोक पहिली सोसून घेतात.

गेल्या दिवाळीनंतर तो हात गेला.

तसा जागेवर होता. पण उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं मुकी झाली. एका हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये गाठ मारताना दोरा चिमटीत आहे की नाही हेच कळेना. बघितलं तर होता. पुढच्या आठवड्यात चहाचा कप सुटला. सोलापूरला नसांची तपासणी केली, हैदराबादला मानेचा एमआरआय काढला. सगळं नॉर्मल. हैदराबादचे मोठे डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, थोडी विश्रांती घ्या." म्हणजे त्यांना काही कळलं नव्हतं. काही कळलं नाही की मीही पेशंटला हेच सांगते.

लोकांना वाटतं सर्जन डोळ्यांनी ऑपरेशन करतो. पोटात रक्त साचलं की डोळ्यांना लाल डबक्यापलीकडे काही दिसत नाही. तिथं बोटंच बघतात. 'डोळे फसतील, हात खोटं सांगणार नाही,' हे मी शिकाऊ पोरांना इतक्या वेळा ऐकवलंय की ती माझ्यामागं माझी नक्कल करतात. आता माझाच हात काही सांगेना. सोलापूरहून एक पाहुणे सर्जन यायला लागले आणि मी त्यांच्या शेजारी उभी राहून सूचना करायला लागले. उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय. घरी नळ मोठा सोडून रडायची. हात गेलेली सर्जन म्हणजे कोण, हे मला माहीत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं.

रिकाम्या माणसाच्या गळ्यात लोक लगेच काहीतरी मारतात. आमच्या डॉक्टरांच्या संघटनेनं माझ्या गळ्यात एक भाषण मारलं. विषय, शरणबसप्पा डॉक्टर: निजामाच्या राज्यात आमच्या भागात सुरी धरणारे पहिले शिकलेले शल्यवैद्य. मी कुरकुरले, पण त्यांच्या नातीला फोन केला आणि एप्रिलमधल्या एका सकाळी गाडी काढली.

गाव कर्नाटकच्या सरहद्दीजवळ आहे. नाव सांगत नाही, उगाच गर्दी व्हायची. तूर निघून गेलेली काळी रानं, भेगाळलेली, आणि त्यातून एक ओढा. एप्रिलमध्ये आमच्याकडं ओढ्यात पाणी म्हणजे नवलच, पण एका वळणावर डोह होता आणि त्यात स्वच्छ पाणी होतं. पाण्यात चार दगडी खांब उभे होते, डोक्यावर लोखंडी कड्या बसवलेले. म्हशी बांधायला असतील असं मला वाटलं. काठावर वाळ्याचं रान माजलं होतं. उन्हाळ्यात माठात टाकतो तोच वाळा. वास मात्र मुळांना असतो, आणि मुळं तर मातीत होती. तरी वास येत होता, ओला आणि गार. बरं वाटलं.

महेश्वरीताई दवाखान्याच्या पायरीवर वाट बघत होत्या. निवृत्त शिक्षिका, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. घर गावात, पण आजोबांचा दवाखाना त्यांनी झाडूनपुसून ठेवला होता. दोन दगडी खोल्या, शहाबादी फरशी, मधोमध दगडाचं लांब टेबल, त्याला पाणी वाहून जायला पन्हळ कोरलेली. भिंतीवरच्या काचेच्या कपाटात सुऱ्या, चिमटे, करवत. एवढं ओळखीचं. खालच्या फळीवर मात्र कुंचे होते. काही वाळ्याच्या मुळांचे, काही बांबूच्या सालीचे, काही केसांचे, अगदी मऊ. हे कशाला, ते मला कळेना.

"आधी चहा," महेश्वरीताई म्हणाल्या. "अज्जांची गोष्ट लांबलचक हाय." सरहद्दीवर आजोबाला अज्जाच म्हणतात, मराठी घरातसुद्धा. त्या मागच्या खोलीत गेल्या आणि स्टोव्हचा आवाज सुरू झाला.

मी स्टुलावर बसले. मुका हात दगडी टेबलावर ठेवला आणि डाव्या हातानं मोबाइलवर त्या कुंच्यांचे फोटो काढायला लागले. दुपार व्हायची होती. खिडकीतून उजेड आणि ओढ्याकडचा वारा येत होता. मागून कुणीतरी हळू विचारलं, "बघू का?"

म्हातारा, खालच्या पट्टीतला आवाज. खेड्यात डॉक्टर आला की कुणीतरी डोकावतंच. मोबाइल बघायचा असेल, नाहीतर मला बघायचं असेल. मी मान न वळवता म्हणाले, "हं, बघा की."

मग काही वेळ काहीच झालं नाही. स्टोव्ह फरफरत होता. आणि माझ्या उजव्या हाताच्या बोटांवरून काहीतरी ओलं, मऊ, खरखरीत फिरलं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. टोकापासून मुळापर्यंत, सावकाश.

मी हात झटकला नाही. आधी आनंदच झाला. कितीतरी महिन्यांनी त्या बोटांना काहीतरी कळलं होतं! मग वळून बघितलं. खोलीत कुणी नव्हतं. दार उघडं होतं, बाहेर ऊन होतं, आणि टेबलाच्या पन्हळीत थोडं पाणी होतं.

महेश्वरीताई कपबशा घेऊन आल्या. मी विचारलं, "आत्ता कोण येऊन गेलं?"

"इथं कोण येतंय? मी अन् तुम्ही." त्यांनी पन्हळीतलं पाणी पदरानं टिपून घेतलं.

नस सावरताना अशा संवेदना होतात, पुस्तकात आहे, असं मी स्वतःला सांगितलं. आवाजाचं पुस्तकात नाही. पण येताना उन्हात पाऊण तास गाडी चालवली होती, म्हणून तेही मिटवून टाकलं. चहाचा कप हातात घेतला.

मग त्यांनी गोष्ट सांगितली. शरणबसप्पा हैदराबादला शिकले. शिकवणं बरंचसं चित्रांवरून, मुडदे फाडायला मिळायचे ते थोडे आणि तेही साहेबाच्या आवडत्या पोरांना. गावी येऊन त्यांनी सुरी धरली आणि पहिल्याच वर्षी एक बाळंतीण त्यांच्या हाताखाली गेली. चित्रात रक्तवाहिनी जिथं होती तिथं तिच्या पोटात नव्हती. त्या दिवशी त्यांनी चित्रं ओढ्यात टाकली. म्हणाले, कागदावरचा माणूस वेगळा अन् हा वेगळा. मला हा बघितला पाहिजे.

"बघणार कसा?" मी विचारलं. "मुडदा कोण देणार?"

"पटकीचं साल होतं. वाटसरू मरून पडायचे, बेवारस. अज्जांनी फार जुनी रीत धरली, आपल्याकडच्या पहिल्या शल्यवैद्यांची. मेलेल्याला गवतात गुंडाळायचं, बांबूच्या पिंजऱ्यात घालायचं अन् डोहात बुडवून ठेवायचं. ते खांब बघितले का तुम्ही? पाण्यानं अंग मऊ पडलं की इथं टेबलावर घ्यायचं आणि कुंच्यानं घासायचं. कातडी निघती, मग तिच्याखालचं, मग त्याच्याखालचं. सुरी लावायचीच न्हाय. अज्जा म्हणायचे, सुरी काही ना काही तोडतीच. कुंचा नुसता दाखवतो."

मी फॉर्मलिनच्या वासात शिकलेली बाई. पहिल्या वर्षी आम्ही कितीतरी नसा कापून टाकल्या आणि मग सापडत नाहीत म्हणून सरांच्या शिव्या खाल्ल्या. त्या कुंच्यांकडं बघून मला त्या माणसाचा हेवा वाटला. खरंच वाटला.

"गावानं सोसलं हे?"

"आधी वाळीत टाकलं. मग गावाला कळलं, की अज्जा घासायच्या आधी मेलेल्याशेजारी बसतात आणि विचारतात." त्यांनी कपबशी खाली ठेवली. "'बघू का?' एवढंच विचारायचे. मग गप बसून राहायचे, उत्तराची वाट बघत. एकदा बराच वेळ बसले आणि उठून म्हणाले, 'नको म्हणतोय.' त्याला तसाच पुरला, बोट न लावता. मग गाव म्हणायला लागलं, बसप्पा डॉक्टर मेलेल्याला बी इचारतो, जित्याला काय फसवंल?"

कपातल्या चहावर साय धरली होती. मी ती बाजूला सारत बसले.

"आणि 'बघा' म्हणाला तर?"

"मग सगळा बघायचे. नुसता हात बघायला घेतला असला तरी सगळा. अर्धवट बघून माणसाला सोडणं म्हणजे त्याचा अपमान, म्हणायचे. बघून झालं की बसवायचे."

"बसवायचे म्हणजे?"

"आमच्यात मेलेल्याला जाळत न्हाईत. मांडी घालून बसवतात, डाव्या तळव्यात इष्टलिंग देऊन, अन् तसंच पुरतात. अज्जांनी ज्याला ज्याला उघडलं त्याला त्याला असंच बसवलं. जात विचारली न्हाय. इष्टलिंग नसलेल्याच्या हातात ओढ्यातला गोटा द्यायचे, गोल, गुळगुळीत. ज्यानं मला सगळं दाखवलं त्याला आडवं टाकून कसं चालंल, म्हणायचे."

निघताना त्यांनी मला डोहाच्या वरच्या अंगाला नेलं. तिथं शरणबसप्पांची समाधी होती. घडीव दगड, वर बेलाची पानं.

"आत कुणी न्हाय," महेश्वरीताई म्हणाल्या. "त्यांनी माझ्या वडलांना सांगितलं होतं, मला बी पिंजऱ्यात घाल अन् बघ. वडलांनी छातीवर दगड ठेवून घातलं. दिवस भरल्यावर पिंजरा वर काढला तर दोऱ्या बांधलेल्या तशाच, गवत बी गुंडाळलेलं तसंच, माणसाएवढं फुगलेलं. सोडलं तर आत काहीच न्हाय. वडलांनी मरेस्तोवर त्या पाण्यात पाय घातला न्हाय."

"वाहून गेलं असेल," मी म्हणाले.

"व्हय," त्या म्हणाल्या. "आम्ही बी तसंच म्हणतो."

घरी आल्यावर दोन गोष्टी झाल्या. हात परत यायला लागला. आधी पेपराचा कागद कळला, मग साडीचा काठ, मग एका सकाळी ऑपरेशनचा दोरा. मी एकटीच टेबलाच्या पायाला गाठी मारत बसले आणि लहान पोरीसारखी हसले. पाहुण्या सर्जनांना फोन करून सांगितलं की येत्या आठवड्यात येऊ नका, मी उभी राहते. माझे भूलतज्ज्ञ शंतनू वयानं लहान, पण नजरेचे पक्के. पहिल्या ऑपरेशननंतर म्हणाले, "मॅडम, हात आधीपेक्षा भारी चालतोय." खरं होतं. आधी माझा हात चांगला होता. आता कातडीवर बोट ठेवलं की खालचा एकेक पदर कळायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे तो कुंचा. दुपारी जेवून आडवी झाले की यायचा. रोज. ओला, मऊ, खरखरीत. आधी वाळ्याचा वास यायचा, मग तो. बोटांवरून तळहातावर, तळहातावरून मनगटावर. माझ्याकडच्या आया गजराबाई एकदा खोलीत येऊन नाक वर करून म्हणाल्या, "बाई, माठात वाळा टाकलात व्हय? लई ग्वाड वास सुटलाय." माठ खालच्या मजल्यावर होता आणि त्यात वाळा नव्हता.

तोवर मी धीर धरून होते. नस बरी होते तेव्हा मुंग्या येतात, ठीक. पण कुंचा मनगटाच्या वर सरकला. तिथं माझा हात कधी मुका झालेलाच नव्हता! आणि त्याचं कातडीवरचं काम संपलं होतं. आता तो आत फिरत होता. दंडात कोणता स्नायू कुठं संपतो, कोणती नस कुणाच्या खालून जाते, हे मला डोळे मिटून कळत होतं. माझं स्वतःचं, आतून. दुखत नव्हतं. कुणीतरी फार आस्थेनं, जराही घाई न करता, मला शिकत होतं.

मला भीती वाटली. त्याहून वाईट म्हणजे राग येईना. मी रोज पन्नास पेशंटना 'बघू का?' म्हणते आणि उत्तर यायच्या आत पोटावर हात ठेवते. हा माणूस विचारून थांबला होता. 'बघा की' मीच म्हणाले होते.

एका दुपारी कुंचा खांद्याच्या खोबणीपाशी आला तेव्हा मी उठून बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "आता नको. थांबा."

तो थांबला. त्याच क्षणी. वास गेला. एखादा सभ्य माणूस दार ओढून घेतो तसं झालं. एवढं सोपं होतं तर आधीच का नाही म्हटलं, असं वाटून मला माझंच हसू आलं.

आठवडा सरायच्या आत चहाचा कप सुटला.

मी कुणाला सांगितलं नाही. पुढची ऑपरेशनं काहीबाही सांगून लांबवली. मनाशी ठरवून टाकलं, गेला तर गेला हात. ओपीडी बघेन, गोळ्या लिहून देईन, जगेन. रडले, पण ठरवलं.

मग रामलिंगला आणलं. भर दुपार होती. टेंपोचालक, गाव जवळचंच, हायवेवर ट्रेलरनं मागून ठोकलेला. पोट टम्म, ओठ पांढरे. सोनोग्राफीत पानथरी, म्हणजे प्लीहा, फुटलेली दिसली आणि आत नुसतं रक्त. पाहुणे सर्जन सोलापुरात. शंतनू माझ्याकडं बघून हळू म्हणाले, "सोलापूरपर्यंत टिकणार नाही, मॅडम."

दारात त्याची बायको सारजाबाई उभी होती, पायात चप्पल नाही, हाताला भाकरीचं पीठ तसंच. तिनं माझा उजवा हात धरला. नेमका उजवा. "बाई, तुमचा हात हलका हाय म्हणत्यात," ती म्हणाली. "तेवढा लावा."

तिची पकड मला मनगटात कळली. बोटांत कळली नाही.

पोट उघडलं आणि रक्त वर आलं. दिसायचा प्रश्नच नव्हता. डाव्या बरगडीखाली हात घालायचा, पानथरीमागं जायचं आणि तिच्या देठातली वाहिनी बोटांत धरायची. जन्मभर केलेलं काम. मी हात घातला. बोटं कुठं गेली ते मला कळलं नाही. ऊबसुद्धा कळली नाही.

"प्रेशर पडतंय," शंतनू म्हणाले.

मी पुन्हा चाचपलं. काही नाही.

"मॅडम, प्रेशर—"

मी डोळे मिटले. "बघा," मी म्हणाले.

"काय बघू?" शंतनूंनी विचारलं.

"तुम्हाला नाही."

थिएटरमध्ये वाळ्याचा वास पसरला. हातमोज्याच्या आत, कातडीला लागून, ओला कुंचा मनगटापासून खाली उतरला. तर्जनीच्या टोकाला काहीतरी धडधडलं. मी ते धरलं.

रामलिंग वाचला. आठव्या दिवशी चालत घरी गेला. सारजाबाईनं ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणून दिली आणि माझ्या हाताला डोकं टेकवलं. मला अवघडल्यासारखं झालं. ज्याला टेकवायचं त्याला पोचलं असेल.

त्यानंतर मी नको म्हटलं नाही. म्हणायचं तर आधी कुणीतरी हायवे बंद करायला हवा. एकदा घासाघीस करून बघितली. रिकाम्या खोलीत म्हणाले, "हातापुरतं बघा, डॉक्टर. एवढ्यावर भागवा." उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो खांदा ओलांडून मानेवर आला. अर्धवट सोडणं त्यांच्यात बसत नाही, हे मला सांगितलेलंच होतं.

संघटनेत भाषण केलं. लोकांना आवडलं. पेशंटला मी आता 'बघू का?' विचारते आणि थांबते. त्यांना गंमत वाटते. एक आजी म्हणाल्या, "बघा की माय, त्याच्यासाठीच आले न्हवं का?" मी म्हटलं, "आजी, तरी नीट विचार करून सांगा." त्या हसल्या. मी नाही हसले.

पावसाळा गेला. कुंचा फासळ्यांवरून उतरला, पाठीचा एकेक मणका बघून झाला. दुसरा हात, पोट, मांड्या. हे सगळं मी आता असं सांगते की जणू पेशंटची हकीकत सांगतेय. इतकी सवय झाली. मधूनमधून फार शांतही वाटायचं. मला इतक्या नीट कुणी कधी बघितलं नव्हतं.

परवा दुपारी तो डाव्या पायाच्या करंगळीपाशी आला. ती बघून झाली आणि थांबला.

काल वास आला नाही. मी जेवून आडवी झाले, वाट बघितली. कुंचा नाही. बोटं हलवून बघितली. जाणीव होती, पहिल्यापेक्षा लख्ख. सुटले बाई, असं मी मोठ्यानं म्हणाले. मग गाढ झोप लागली.

जाग आली ती गजराबाईंच्या आवाजानं. त्या चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

"अगं बया! बसूनच झोपलात व्हय, बाई?"

मी पलंगावर ताठ बसलेली होते. मांडी घातलेली. आमच्यात माणसाला आडवं नेतात, पहिला विचार मनात आला तो हा. डावा हात मांडीवर होता, तळवा वर, बोटं किंचित वळलेली. तळव्यात काही नव्हतं. गजराबाईंनाही काही दिसलं नाही, त्या कप ठेवून गेल्या.

तळव्याच्या मधोमध गार लागत होतं. मी उजव्या हातानं चाचपून बघितलं.

गोल होतं. गुळगुळीत, आणि ओलं.

ते खाली पडू नये म्हणून मी मूठ मिटली.